विज्ञानकथेचा वाचक बोलला पाहिजे

पुण्यात विज्ञानकथा आणि अद्भुतकथा वाचणारे लोक भरपूर आहेत. हिंजवडीला जाणाऱ्या बसमध्ये, फर्ग्युसन रस्त्यावर, अभ्यासिकांबाहेरच्या चहाच्या टपऱ्यांवरसुद्धा जाडजूड इंग्रजी कादंबरीत बुडालेली मुलंमुली दिसतात. या शहराला असा वाचक असणं साहजिक आहे. आयुका ही खगोलशास्त्राची संस्था इथे आहे, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा इथे आहे, 'परम' महासंगणक इथेच घडला, आणि नारायणगावजवळ खोडदच्या परिसरात ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना दूरच्या आकाशगंगांच्या रेडिओलहरी टिपत उभ्या आहेत. पण या वाचकांतल्या कुणालाही 'सध्या काय वाचतोयस?' असं विचारून पाहा. उत्तरात मराठी पुस्तक जवळजवळ कधीच येत नाही. पुस्तकाबद्दल बोलायला लागला की तो स्वतःही दोन वाक्यांत इंग्रजीवर जातो, मग समोरचा घरात मराठीच बोलणारा का असेना.

याला आवडनिवड म्हणून सोडून द्यायला मी तयार नाही. विज्ञानकथा आणि अद्भुतकथा हे प्रकार वाचकांच्या आपसातल्या बोलण्यावर जगतात. मराठीत ते बोलणं क्षीण झालं आहे, आणि म्हणून या प्रकारची मराठी पुस्तकंही क्षीण होत चालली आहेत. ते बोलणं पुन्हा उभं करणं ही सार्वजनिक ग्रंथालयांची जबाबदारी आहे असं मला वाटतं.

याच साहित्याला बोलणाऱ्या वाचकाची एवढी गरज का? कारण इथे वाचकावर काम जास्त पडतं. वास्तववादी कादंबरी उघडली की वाडा, चाळ, शेत, कचेरी हे सगळं आपल्या ओळखीचं असतं. विज्ञानकथेत लेखक एक नियम बदलतो आणि त्या बदलातून सगळं जग पुन्हा रचतो. ते जग टिकतं की कोसळतं हे वाचकाला तपासावं लागतं, आणि एकट्याची तपासणी अपुरी पडते. 'तुला हे पटलं का?' हा प्रश्न या वाचकाच्या ओठांवर आपोआप येतो. त्यात अनेक मालिका सहा, आठ, दहा खंडांच्या. कुठून सुरुवात करावी, कुठला खंड कंटाळवाणा आहे पण सोडू नये, हे आधी वाचलेल्या माणसाखेरीज कुणी सांगू शकत नाही.

या साहित्याचा इतिहासही असाच घडला आहे. ह्यूगो गर्न्सबॅक यांनी १९२६ साली अमेरिकेत निव्वळ विज्ञानकथांचं मासिक काढलं आणि त्यात वाचकांची पत्रं त्यांच्या पत्त्यांसह छापायला सुरुवात केली. पत्ते हाती आल्यावर वाचक एकमेकांना लिहू लागले, मग भेटू लागले, मंडळं निघाली. १९३९ साली न्यूयॉर्कला पहिलं जागतिक विज्ञानकथा संमेलन भरलं, आणि १९५३ पासून गर्न्सबॅक यांच्याच नावाचा 'ह्यूगो' पुरस्कार सुरू झाला. तो आजही संमेलनाचे सभासद, म्हणजे मुख्यतः वाचक, मतं देऊन ठरवतात. कुठल्याही विद्यापीठाने मान्यता देण्याआधी वाचकांनीच हा साहित्यप्रकार उभा केला होता.

हे फक्त इंग्रजीत घडलं असं मानायचं कारण नाही. कोलकात्यात १९६३ साली अद्रीश बर्धन यांनी 'आश्चर्य' नावाचं विज्ञानकथांचं बंगाली मासिक काढलं. तीनच वर्षांनी तिथे विज्ञानकथांवरचे चित्रपट पाहण्यासाठी क्लब निघाला आणि त्याचे अध्यक्ष होते सत्यजित राय. चीनमध्ये चेंगडू या शहरातून, बीजिंगपासून दूर, १९७९ पासून एक विज्ञानकथा मासिक निघत आलं आहे. लिऊ त्सिशिन यांची तीन सूर्यांच्या ग्रहाची कादंबरी, 'द थ्री-बॉडी प्रॉब्लेम', २००६ साली त्याच मासिकात क्रमशः आली. चिनी वाचकांनी ती उचलून धरली, २०१४ साली इंग्रजीत आली, २०१५ साली तिला ह्यूगो मिळाला, आणि २०२३ चं जागतिक संमेलन चेंगडूतच भरलं. आज पुण्यातली मुलं ती कादंबरी इंग्रजीतून वाचतात तेव्हा त्यामागे चिनी वाचकांची चिनी भाषेत केलेली कित्येक वर्षांची चर्चा उभी असते. चेंगडू देशाची राजधानी नाही, पुणेही नाही. शास्त्रसंस्था, विद्यार्थी, प्रकाशक, पेठांतली पुस्तकांची दुकानं हे सगळं आपल्याकडे आहे.

आणि आपला वारसाही काही किरकोळ नाही. मराठी कादंबरीच्या अगदी सुरुवातीच्या काळात, १८६१ ची 'मुक्तामाला' आणि १८६८ ची 'मंजुघोषा', अद्भुतरम्य म्हणूनच ओळखल्या जाणाऱ्या कादंबऱ्या आहेत. पुढे वास्तववादाचा जोर झाला आणि समीक्षेने ती वाट बाळबोध ठरवून टाकली. विज्ञानकथेला मराठीत प्रतिष्ठा मिळाली ती १९७४ नंतर. त्या वर्षी मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत 'कृष्णविवर' ही कथा पहिली आली. लेखकाचं नाव नारायण विनायक जगताप. प्रत्यक्षात ते होते जयंत विष्णू नारळीकर. आद्याक्षरं उलटी करून त्यांनी टोपणनाव घेतलं होतं आणि हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंकडून लिहून घेतली होती. माणूस कोण हे न पाहता कथा वाचली जावी ही त्यामागची इच्छा मला फार मोलाची वाटते. त्यानंतर बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर अशा लेखकांनी हा प्रकार खरोखर वाढवला. २०२१ च्या नाशिक साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी नारळीकरांची निवड झाली तेव्हा एका विज्ञानकथाकाराला तो मान मिळाला याचा आम्हा वाचकांना मनापासून आनंद झाला होता. मे २०२५ मध्ये ते पुण्यातच गेले. त्या दिवसांत सगळीकडे त्यांच्याबद्दल लिहून आलं, ते बहुतेक शास्त्रज्ञ नारळीकरांबद्दल होतं. कथांचा उल्लेख येई, पण अमुक कथा मला का आवडली, तमुक का फसली, असं लिहिणारे फार थोडे.

इथेच आपलं दुखणं आहे. आदर पुष्कळ आहे, चर्चा नाही.

एका माणसाने दुसऱ्याला सांगितल्याने काय होतं याचं एक उदाहरण याच मातीतलं आहे. 'तुंबाड' या चित्रपटाचे दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी सांगितलं आहे की १९९३ साली नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्राने त्यांना एक गोष्ट सांगितली आणि ती त्यांच्या मनातून गेलीच नाही. गोष्ट नारायण धारपांची होती. चित्रपट आला २०१८ साली, आणि २०२४ मध्ये पुन्हा लागला तेव्हा पहिल्यापेक्षा जास्त चालला. त्या मित्राने कुठलं परीक्षण लिहिलेलं नव्हतं, व्याख्यान दिलेलं नव्हतं. वाचलेली गोष्ट त्याने रात्री मित्राला मराठीत सांगितली, एवढंच. धारप पुण्याचे. त्यांची पुस्तकं मधल्या काळात मिळेनाशी झाली होती, ती आता नव्याने छापली गेली आहेत. तरी धारप म्हणजे फक्त भुतं हा समज कायम आहे. त्यांनी विज्ञानकथाही लिहिल्या हे ठाऊक असलेले तरुण वाचक क्वचितच भेटतात. एवढं लिहिलेल्या लेखकाची सुरुवात कुठून करावी, हे सांगायला तरी कुणी हवं ना?

पुस्तकं मिळेनाशी होतात यामागे एक रोकडं कारण आहे. आपल्या कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क वारसांकडे राहतो. धारप २००८ साली गेले, म्हणजे त्यांची पुस्तकं २०६८ संपेपर्यंत वारसांच्या संमतीशिवाय कुणी छापू शकत नाही. हा हक्क योग्यच आहे. पण त्याचा अर्थ असा की आवृत्ती संपली की पुस्तकाचं पुढचं आयुष्य एका घराच्या आणि एका प्रकाशकाच्या निर्णयावर अवलंबून राहतं, आणि ते निर्णय घेतात मागणी पाहून. मागणी दिसायला वाचकाने मागावं लागतं, मागायला पुस्तक आहे हे माहीत असावं लागतं, आणि माहीत व्हायला कुणीतरी सांगावं लागतं. ज्या पुस्तकाबद्दल वीस वर्षं कुणी बोललेलं नाही ते कुणी मागत नाही. अप्पा बळवंत चौकात जाऊन ऐंशीच्या दशकातला एखादा विज्ञानकथासंग्रह मागून पाहा. दुकानदार सज्जनपणे सांगतो, 'नाही हो, येत नाही आता.' त्याचा काही दोष नाही.

आम्ही काही जण महिन्यातून एकदा कोथरूडला एका स्नेह्यांच्या घरी जमतो. प्रत्येकाने सध्या काय वाचतोय ते सांगायचं, शेवट फोडायचा नाही, आणि पुस्तक कुठल्याही भाषेतलं असलं तरी बोलायचं मराठीत. हा शेवटचा नियम सुरुवातीला जाचक वाटला होता, आज तोच सगळ्यात जास्त देतो. एका खेपेला सॉफ्टवेअर कंपनीतल्या एका तरुणाने लिऊ त्सिशिन यांच्या त्या तीन सूर्यांच्या ग्रहाबद्दल सांगितलं. अकरावीतल्या मुलीने लगेच विचारलं, 'दादा, तीन सूर्य असतील तर ऋतू कसे ठरणार? पंचांग कसं करायचं त्यांनी?' कादंबरीचा गाभाच तो प्रश्न आहे, आणि पुस्तक न वाचता ती तिथे पोचली होती. मग गोष्ट काळाच्या वेगावर गेली तेव्हा सदाशिव पेठेतल्या एका निवृत्त शिक्षिकांना पुराणातला रैवत राजा आठवला. तो मुलीला, रेवतीला, घेऊन तिच्यासाठी योग्य वर कोण हे विचारायला ब्रह्मलोकी गेला, थोडा वेळ थांबला आणि परत आला तेव्हा पृथ्वीवर युगं उलटली होती. हा सापेक्षतेचा पुरावा आहे असं त्या म्हणाल्या नाहीत आणि तसं कुणी म्हणू नये. ती गोष्ट आहे, आणि गोष्ट म्हणून थोर आहे. पण इंग्रजीत बोलत असतो तर रेवती त्या खोलीत आलीच नसती. पुढच्या महिन्यात त्याच बाईंनी जपून ठेवलेला जुना दिवाळी अंक आणला. त्या मुलीने विचारलं, 'काकू, मी नेऊ का घरी?' त्या म्हणाल्या, 'ने की. पण परत आण, आणि काय आवडलं नाही तेही सांग.'

'काय आवडलं नाही' हे मला फार महत्त्वाचं वाटतं. मराठी विज्ञानकथा वाचा म्हटलं की तरुणांकडून जो आक्षेप येतो तो खोटा नाही. अनेक कथांत पात्रं एकमेकांना शास्त्र समजावून सांगत बसतात. प्राध्यापक बोलतो, पुतण्या शंका विचारतो, शेवटच्या परिच्छेदात कलाटणी येते. स्त्रिया चहा देण्यापुरत्या. हे सगळं मीही वाचलं आहे आणि त्याने मीही वैतागले आहे. पण असं का झालं? लेखकांमध्ये कुवत नव्हती म्हणून नव्हे. बारकाईने वाचणारा, दोष दाखवणारा आणि तरी पुढचं पुस्तक विकत घेणारा वाचकवर्ग त्यांना मिळाला नाही. एका बाजूला 'एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाने लिहिलंय' हा आदर, दुसऱ्या बाजूला 'मुलांचं वाङ्मय' ही उपेक्षा. दोन्हींत लेखकाला शिकण्यासारखं काही नाही. जगातलं उत्तम वाचून आलेला पुण्यातला तरुण वाचक ही उणीव भरून काढू शकतो. त्याच्याकडे मापदंड आहे. तो मापदंड घेऊन त्याने मराठी कथेशी भांडावं, तिच्याकडे पाठ फिरवू नये.

उपेक्षेबद्दल आणखी थोडं. मी ज्या वाचनालयांत वाढले तिथे विज्ञानकथा कधी बालविभागात असत, कधी विज्ञानाच्या कपाटात विजेच्या उपकरणांच्या पुस्तकांशेजारी. कादंबऱ्यांच्या रांगेत त्यांना जागा नव्हती. हे वास्तवापासून पळणारं वाचन आहे, असं तेव्हाही ऐकलं आणि आजही ऐकते. ज्यांनी नारळीकरांच्या कथेत मुंबईत बर्फ पडताना पाहिला आहे, त्यांना हवामानबदलाची बातमी परकी वाटत नाही. यंत्रं माणसाची कामं घेतील का, मुलांचे जनुक निवडावेत का, धरणाचं पाणी कुणी प्यायचं, हे प्रश्न आज आपल्या दारात आहेत आणि त्यांचा विचार कथेतून करायची सवय या वाचकाला आहे. पळणं कशाला म्हणतात?

आता ग्रंथालयांकडे येते, कारण माझा मुख्य आग्रह तिथे आहे. इंग्रजी अद्भुतकथेची मालिका विकत घ्यायची तर हजारो रुपये लागतात. तिच्यावरच्या गप्पा होतात कॅफेत किंवा मोठ्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये. येरवड्यातल्या, जनता वसाहतीतल्या, भोसरीतल्या, महापालिकेच्या मराठी शाळेत शिकणाऱ्या मुलाला यातलं काहीच गाठता येत नाही. त्याची कल्पनाशक्ती कमी नाही. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठीत आणला तेव्हा अशाच मुलांच्या कित्येक पिढ्या समुद्राच्या तळाशी आणि चंद्रावर जाऊन आल्या. मुग्धा कर्णिक यांनी टॉल्किनची 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' ही महाकादंबरी 'स्वामी मुद्रिकांचा' म्हणून मराठीत आणण्याचं प्रचंड काम केलं आहे. ते किती वाचनालयांच्या कपाटात आहे, आणि असलं तर ते तिथे आहे हे किती मुलांना कुणी सांगितलं आहे? इंग्रजी येणाऱ्या मुलाला जगभरातून सांगणारे आहेत. मराठीच येणाऱ्या मुलाला सांगणारं कुणी नाही. म्हणून हा प्रश्न सार्वजनिक आहे.

महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ चा. त्याखाली अ, ब, क, ड अशा वर्गांप्रमाणे ग्रंथालयांना सरकारी अनुदान मिळतं. ते पुरेसं नसतं, कर्मचाऱ्यांचे पगार तुटपुंजे असतात, हे मला ठाऊक आहे, आणि त्यांच्या अनुदानवाढीच्या मागणीला माझा पूर्ण पाठिंबा आहे. मी जे मागते आहे त्याला पैसे जवळजवळ लागत नाहीत. महिन्यातली एक संध्याकाळ, सतरंजी किंवा वीस खुर्च्या, आणि विज्ञानकथा-अद्भुतकथांसाठी कादंबऱ्यांच्या दालनात वेगळी, मोठ्यांच्या नजरेच्या उंचीची फळी. काउंटरवर एक वही, 'सध्या काय वाचताय' एवढ्याच शीर्षकाची. येणाऱ्याने पुस्तकाचं नाव लिहावं, एक-दोन वाक्यं लिहावीत. वर्षाच्या शेवटी त्या वहीतून आणि त्या बैठकीतून न मिळणाऱ्या पुस्तकांची यादी काढून ग्रंथालयाने आपल्या शिक्क्यानिशी प्रकाशकांना पाठवावी. एका वाचकाने दुकानात विचारलं तर ते हवेत विरतं. पंधरा ग्रंथालयांनी एकच पुस्तक मागितलं तर प्रकाशकाला आवृत्तीचा हिशेब मांडता येतो. पुणे नगर वाचन मंदिर १८४८ पासून आहे, पुणे मराठी ग्रंथालय १९११ पासून. या संस्थांनी याहून अवघड कामं पार पाडली आहेत.

डिसेंबर २०२४ मध्ये पुस्तक महोत्सवाच्या निमित्ताने 'शांतता... पुणेकर वाचत आहेत' हा उपक्रम झाला. शाळा, कचेऱ्या, दुकानं, जिथे असाल तिथे तासभर वाचा, असं आवाहन होतं आणि लोकांनी त्याला चांगला प्रतिसाद दिला. मला तो उपक्रम आवडला. माझी सूचना एवढीच की त्या तासानंतरचा पाऊण तास बोलण्यासाठी ठेवावा. शेजारच्या खुर्चीवरच्या अनोळखी माणसाने काय वाचलं हे विचारायची मुभा असावी. फर्ग्युसनच्या मैदानावर महोत्सवात लेखकांची भाषणं होतातच. वाचकांनी वाचकांशी बोलण्यासाठी एक मंडप द्यायला काय हरकत आहे?

हे सगळं मोबाइलवर होतंच की, असं म्हणणारे भेटतील. होतं, आणि होऊ दे. पण तिथे आपल्याला आपल्यासारखेच भेटतात. सत्तरीच्या बाई आणि अकरावीची मुलगी एका गटात सहसा नसतात, आणि ट्रंकेतला जुना दिवाळी अंक मोबाइलमधून हातात देता येत नाही.

ज्या ग्रंथालयाला पहिली बैठक घ्यावीशी वाटेल त्याने कुठली कथा निवडावी, याचंही माझ्याकडे उत्तर आहे. नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत'. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे पुण्याहून मुंबईला जातात, आणि वेगळ्याच इतिहासात जाऊन पोचतात. तिथे विश्वासरावांना गोळी लागलेली नाही आणि पानिपत मराठ्यांनी जिंकलेलं आहे. नेमकं कुठे काय बदललं हे शोधायला ते मुंबईत ग्रंथालय गाठतात. हीच कथा इंग्रजीतून अकरावीच्या एनसीईआरटीच्या पाठ्यपुस्तकात देशभरच्या मुलांनी वर्षानुवर्षं अभ्यासली आहे, त्यामुळे मराठी वाचायला अडखळणाऱ्या मुलांनाही बैठकीत बसता येईल. कथा लहान आहे, आधी मोठ्याने वाचून मग बोलता येईल. पानिपतावर पुण्यात प्रत्येकाचं काही ना काही मत आहे. इतिहासाचे अभ्यासक येतील, पुंजभौतिकीचे, म्हणजे क्वांटम फिजिक्सचे, विद्यार्थी येतील, आणि कथेत राजेंद्र देशपांडे जे स्पष्टीकरण देतो ते पटण्यासारखं आहे की नाही यावर त्यांचं जुंपेल. मला स्वतःला ते स्पष्टीकरण घाईचं वाटतं, त्याआधीची गंगाधरपंतांची गोंधळलेली मुंबईफेरी कितीतरी सरस आहे. यावर माझ्याशी वाद घालायला कुणी आलं तर मला हवंच आहे.